कार्डासाठी नारळ

आई गेल्यानंतर मला काही वाटतच नव्हतं. दुःख झालं असेलही, पण ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. तेराव्याला आलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आत्यानं पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "रडून घे गो बाय," आणि जेवून घे म्हटल्यासारखं मी "हो" म्हणून चहाचे कप उचलायला गेले. नंतर ती बाहेर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, "पोर दगड झालीय." मला रागसुद्धा आला नाही. पुढे पुढे तर "आई" हा शब्दही माझ्या तोंडून निघेना. "ते लोणचं संपलं", "ती पेटी वर ठेवली", असं काहीतरी बोलून मी भागवायची. आपण आता असेच राहणार की काय, याची भीती वाटायची, पण तीही लांबून, शेजारच्या घरात कुणी आजारी असावं तशी.

काम मात्र चालू होतं. मी घरी बसून बंगल्यांची चित्रं करते. किहीमला आणि खाली श्रीवर्धनपर्यंत मुंबईची माणसं जागा घेतात, आणि पाया खणायच्या आधीच त्यांना गच्चीवरून समुद्र कसा दिसेल ते बघायचं असतं. तो बंगला संगणकात उभा करायला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. आमचं घर पाण्याच्या इतकं जवळ आहे की खिडक्यांच्या बिजागऱ्या सतत बदलाव्या लागतात. माझ्या जुन्या कार्डाच्या पंख्यांनी बिचाऱ्यांनी जमेल तितकी खारी हवा ओढली, अंगावर हिरवी पुटं चढवून घेतली आणि एका बंगल्याचा जिना अर्धा झालेला असताना मान टाकली. स्क्रीन काळी झाली. मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसले.

मग ठरवलं, नवा संगणक आपणच जुळवायचा, पाण्यानं थंड होणारा. त्यात कार्डाला पंखा नसतो. त्याच्या अंगावर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातून पाणी फिरतं, कार्डाची गरमी घेऊन रेडिएटरमध्ये जातं आणि निवून परत येतं. हे मी बाबांना सांगितलं. बाबा जन्मभर मच्छीमारी बोटीच्या इंजिनावर होते, गुडघे गेल्यापासून घरी असतात. त्यांनी एकच विचारलं, "पानी गोडं का खारं?"

"गोडं."

"मंग बरं," म्हणाले आणि पुन्हा पडवीत जाऊन बसले. त्या दिवसांत आमच्यात एवढं बोलणं म्हणजे पुष्कळच होतं.

कार्ड निवडणं मी समजत होते तेवढं सोपं निघालं नाही. पनवेलचा दुकानदार फोनवर म्हणाला, "मॅडम, पहले ब्लॉक बघा, मग कार्ड. उलटं केलंत तर फसाल." आतली चिप एकच असली तरी दर कंपनीच्या कार्डाचे स्क्रू वेगळ्या जागी असतात, म्हणून एकाचा ब्लॉक दुसऱ्याला बसत नाही. जे कार्ड मला आवडायचं त्याचा ब्लॉक मिळायचा नाही. ज्याचा ब्लॉक मिळायचा ते कार्ड न्हावा शेव्याला कंटेनरमध्ये अडकलेलं असायचं, निदान दुकानदार तरी तसं सांगायचा. मी रोज कार्डांचे फोटो मोठे करून त्यांवरची भोकं जुळवत बसायची. दिवसातून तेवढा वेळ मला बरं वाटायचं, म्हणजे वाईट वाटायचं नाही. काहीतरी निवडायचं होतं आणि त्यात कुणी मेलेलं नव्हतं.

अशीच एकदा दुकानदाराशी बोलत होते. आत्या सुकट घेऊन आली होती आणि मधल्या खोलीत निवडत बसली होती, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

"ते उंच आहे हो, पण आमच्याकडे मावणार नाही," मी म्हणत होते. "आणि तापट आहे म्हणतात. जरा काम पडलं की तापतं. दिसायला कसं का असेना, मला काम करणारं हवं. नाही, वापरलेलं नको. स्वस्तात मिळत असलं तरी नको. आधी कुणाकडे होतं, तिथे काय झालं, कुणास ठाऊक. हो, हे शांत आहे. हेच पक्कं करू."

फोन ठेवला तेव्हा आत्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला वाटलं आत्येभावाला आखातातली नोकरी लागली. निवडलेली सुकट तशीच टाकून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीची साडी नेसून आली, हातात सोललेला नारळ, आणि बाबांना म्हणाली, "चांगलं झालं. वरसाच्या आत उरकून घ्या, न्हाय तं तीन वरसं थांबावं लागंल. बिजवर न्हाय ना, मी ऐकलंय सगलं."

घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं करायचं नाही, असं आमच्याकडे मानतात. बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी स्थळ शोधत नव्हते, कार्ड शोधत होते, हे आत्याला पटवायला मला संगणकाचा उघडा सांगाडा दाखवावा लागला. तिनं तो वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि विचारलं, "ह्यो शांत हाय?" एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा फक्त मला कळलं की हे हसण्यासारखं आहे.

आत्या रुसली. पण शुभकार्याला आणलेला नारळ परत नेत नाहीत म्हणून तो ओट्यावर ठेवून गेली.

तो नारळ कित्येक दिवस तिथेच होता. मी त्याला हात लावला नाही. आमच्या घरात नारळ फोडायचं काम आईचं. म्हणजे स्वयंपाकातलं नव्हे, तिथे कुणीही फोडायचं. पण घरात नवी वस्तू आली की आई तिला हळद-कुंकू लावायची, नारळ फोडायची आणि त्याचं पाणी आंब्याच्या पानानं शिंपडायची. फ्रीज, मिक्सर, माझी स्कूटी, सगळ्यांवर तिनं शिंपडलंय. पहिला लॅपटॉप आणला तेव्हा मी किंचाळले होते, तर तिनं शांतपणे विचारलं, "झाकन लावलंस ना?" आणि वरून चार थेंब उडवले. तो लॅपटॉप खूप चालला, आणि त्याचं श्रेय ती मला कधी घेऊ द्यायची नाही.

कार्ड आलं. दिवे नाहीत, नक्षी नाही, साधं काळं. मी त्याच्यासोबत आलेले पंखे काढले, ब्लॉक बसवला, नळ्या जोडल्या आणि डिस्टिल्ड वॉटर भरलं. अशा संगणकाला लगेच वीज द्यायची नसते. आधी फक्त पाणी फिरवणारा पंप चालवायचा, बाकी सगळं बंद, आणि सांध्यांखाली टिश्यू पेपर पसरून ठेवायचे. कुठे गळती असली तर कागद सांगतो. काचेचं झाकण काढून ठेवलं, पंप चालू केला, आणि एका बंगल्याचे नकाशे आणायला अलिबागला गेले. जाताना बाबांना म्हटलं, "मशीन चालू केलंय, राहू दे तसंच."

दुपारी आले तर कार्डाखालचा कागद ओला.

पंप बंद केला. सांधे एकेक करून चाचपले, ते कोरडे होते. पण ब्लॉकवर थेंब होते, मदरबोर्डवर होते, जिथे पाण्याचा काही संबंध नव्हता त्या कडेलाही होते. कार्डाच्या पाठीवर काहीतरी लाल दिसलं. मला वाटलं गंज, इतक्या लवकर. बोट लावलं तर कुंकू. शेजारचा थेंब बोटाला चिकट लागला. तो मी जिभेवर ठेवला.

गोड होता.

आतून काहीतरी वर आलं. ते काय आहे हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला, इतक्या दिवसांत भेटच नव्हती. तो राग होता. मी पडवीत गेले.

"बाबा, हे काय केलंस?"

बाबा गडबडून उठले. "नारळ फोडला. नवी मशीन चालू केलीस ना? तुझी आय असती तं तिनं केलं असतं."

"आई झाकण लावून करायची!" मी ओरडले. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली असतील, मी पाहिलं नाही. "आई वरून शिंपडायची, बाहेरून! चार थेंब! आईनं कधी मशीनच्या आत पाणी ओतलंय? तुला एवढंसुद्धा माहीत नाही?"

बाबा खांबाला धरून उभे होते. त्यांच्या अंगठ्याला अजून कुंकू होतं.

"मना काय ठाव, बाय," ते म्हणाले. "ती करायची तवा मी बोटीवर असायचा."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. बाबा पण पुन्हा बसले. ओरडून माझा घसा सोलवटल्यासारखा दुखत होता. दुखतंय हे मला नीट कळत होतं.

कार्डाला वीज दिलेली नव्हती म्हणून ते वाचलं. मी ते बाहेर काढलं, स्पिरिटनं पुसलं, टेबलफॅनसमोर वाळवलं. बाबा सगळा वेळ बाजूला स्टूलवर बसून होते, कापूस मागितला की द्यायचे. संध्याकाळी सगळं परत जोडून मी काचेचं झाकण लावलं आणि स्वयंपाकघरातून ती वाटी आणली. तळाशी थोडं पाणी उरलं होतं, त्यात आंब्याचं पानही होतं. तेवढं त्यांनी बरोबर केलं होतं.

"आता शिंपड," मी म्हटलं.

त्यांनी पान बुडवलं आणि हात मागे नेला, होडीतलं पाणी उपसून फेकताना नेतात तसा.

"एवढं नाही," मी त्यांचं मनगट धरलं. "आई एवढं नाही शिंपडायची."