थंड इंजिनाच्या शोधात: गिरगाव ते दादर

थंडी अनुभवायला लोक काश्मीरला जातात. मी गिरगावहून दादरला गेलो, आणि ती थंडी माझी नव्हती, एका मोटारीच्या इंजिनाची होती.

मोटार गिरगावातल्या एका डॉक्टरांची. गिरण्यांचा संप लांबत गेला, मिलचं गेट काही उघडेना, तेव्हा साचेखात्यात (विणकाम खात्यात) उमर घालवलेले माझे बाबा गाडी शिकले आणि डॉक्टरांकडे ड्रायव्हर म्हणून लागले. ही गाडी सकाळी पहिल्यांदा चालू केली की खोकायची, थरथरायची, आचके देत बंद पडायची. एकदा तापली की शहाण्यासारखी पळायची. डॉक्टरांनी तिला न तपासताच निदान केलं: दोष ड्रायव्हरच्या हातात आहे. "रविवारी काय ते बघून घ्या. सोमवारी पुन्हा खोकली तर मी दुसरा माणूस शोधतो," ते बाबांना म्हणाले.

मी बी.एस्सी., आमच्या अख्ख्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी सांगतो, कारण न सांगितलं तर कुणी विचारत नाही. पदवीला अजून नोकरी मिळाली नव्हती, चूल बाबांच्याच पगारावर पेटत होती. म्हणून मीही निघालो.

रविवारी बाबा नेहमीप्रमाणे पहाटेच पुढे गेले. मी उन्हं आल्यावर डॉक्टरांच्या वाडीत पोचलो. गाडी लखलखत होती आणि क्षयरोग्यासारखी खोकत होती. खोकला थांबल्यावर आम्ही प्रस्थान ठेवलं.

पहिला मुक्काम लालबाग. तिथला बंडू मेकॅनिक बाबांच्या ओळखीचा. त्याने बॉनेट उघडून कान लावला.

"काका, मस्त चाललीय की. प्रॉब्लेम काय?"

"सकाळी थंड असताना खोकते रे."

"मग थंड असताना आणा ना."

"गिरगावातून इथं येईपर्यंत तापते."

"मग ढकलत आणा," बंडू म्हणाला. "हा तुमचा पोरगा शिकलेला आहे ना, तो मागून ढकलेल."

शिक्षणाचा असा उपयोग मला आजवर कुणी सुचवला नव्हता. आम्ही गाडी पुढे काढली. बंद मिलच्या भिंतीशेजारून जाताना बाबांनी सवयीने चिमणीकडे पाहिलं. धूर नव्हता.

दादरचं गॅरेज मोठं. मालकांच्या मागे भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकिटं, तोंडी शुद्ध भाषा. "आपण शास्त्रीय पद्धतीने जाऊ. आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या."

ते थंड होईपर्यंत आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात थालीपीठ खाल्लं आणि पीयूष प्यायलो. "श्रीखंडात पाणी घालून विकतात," बाबा म्हणाले आणि ग्लास रिकामा केला.

दुपार कलली. इंजिनावर हात ठेवला तर गार. बाबांनी चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. शिंकलीसुद्धा नाही.

"पाहिलंत?" मालक म्हणाले.

"पण तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"तिला विश्रांती हवी होती."

परतीच्या वाटेवर माझ्या बी.एस्सी.ला पहिल्यांदाच काम मिळालं. थंडीने खोकत असती तर ती दादरलाही खोकली असती. म्हणजे रोग थंडीचा नाही. पहाटे वाडीतच काहीतरी घडतंय.

सोमवारी पहाटे मी बाबांबरोबर गेलो. वाडीत नळाला पाणी आलं तशी बाबांनी बादली भरली, बॉनेट उघडलं आणि मगाने गाडीला इंजिनापासून आंघोळ घालायला सुरुवात केली.

"बाबा, हे काय?"

"रोजचंच. अरे झिला (मुला), साचेखात्यात हवा ओली नसली तर धागा तुटतो. मशीनला ओल लागते."

"तिथे धागा होता. इथे या वायरींतून ठिणगी जाते. ओल बसली की ती प्लगपर्यंत पोचत नाही. इंजिन तापून सगळं वाळलं की मग गाडी सुधारते."

बाबा पाण्याचा मग हातात धरून उभे राहिले. "म्हणजे मीच रोज..." म्हणाले, आणि मगातलं पाणी परत बादलीत ओतलं.

मी वायरी पुसल्या, त्या जिथून निघतात ती डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी काढून आतून कोरडी केली. डॉक्टर खाली आले. चावी फिरली, गाडी गुमान चालू झाली.

"बघा," डॉक्टर मागे बसत म्हणाले, "जरा धाक दाखवला की हात सुधारतो. फक्त गाडी आज मळकट वाटतेय हं."

बाबा म्हणाले, "होय साहेब." नोकरी राहिली.

दुपारी ते मोकळे झाल्यावर आम्ही बसने घरी निघालो. बाबांच्या मांडीवर रिकामी बादली. "उद्यापासून पहाटे जाऊन करायचं काय?" त्यांनी विचारलं. "कोरड्या फडक्याने पुसा," मी म्हणालो. पहाटेची ती आंघोळ ही बाबांसाठी मिलची पहिली पाळी होती आणि ती मीच बंद केली, हे मला तेव्हा बसमध्ये कळलं. बी.एस्सी.ला हा विषय नव्हता.

कंडक्टर आला. "काका, बादली घेऊन कुठे?"

"संपावर गेलीय," बाबा म्हणाले. "घरी नेतोय."

कंडक्टर हसला. "मग मिटणार कधी?"

खिडकीबाहेर मिलची भिंत सुरू झाली होती. बाबा ती संपेपर्यंत बघत राहिले.

"तसं काय सांगता येत नाय," ते म्हणाले.