महबूलाचे रिकामे थांबे

शत्रुघ्न परबांना आमच्या कॅन्सर सेंटरमध्ये नावाने फारसं कोणी ओळखत नाही. 'महबूलाची गाडी आली का?' असं विचारलं की त्यात परबही आले. गृहस्थ मूळ कुडाळकडचे. बायको-मुलं तिकडे, हे इकडे आखातात. महबूला या कामगारवस्तीतल्या इमारतींखालून पेशंट गोळा करायचे, केमो झाली की ज्याला त्याला दारात सोडायचं. कोणाला वाटेत मळमळलं तर गाडी कडेला घ्यायची आणि खाली उतरून त्याचं डोकं धरायचं. हे शेवटचं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी विद्यापीठाच्या या सेंटरमध्ये प्रकल्प विभागात आहे. संशोधनाला निधी मिळावा म्हणून अहवाल लिहिणं हे माझं काम. इतकी वर्षं लिहिलेत, की 'इनोव्हेटिव्ह' हा शब्द टाइप करतानाही हल्ली बोटं कंटाळतात. यंदा मोठा निधी यायचा होता. जनुकांच्या तपासणीची नवी लॅब, नवे औषध-प्रयोग, पेशंटसाठी ॲप. आणि याच निधीतून महबूलाची गाडी पुढे चालवायची की बंद करायची, तेही ठरायचं होतं.

गाडी बंद झाली तर सगळ्यात पंचाईत होती सदानंदची. एसीचं काम करणारा चिपळूणकडचा माणूस, सहा जणांच्या खोलीत राहायचा. आतड्याचा कॅन्सर. उन्हाळ्यात दोन बस बदलून इथे शुवैखला सेंटरपर्यंत यायचं त्याच्या अंगात त्राण नव्हतं, आणि रोज टॅक्सीत बसण्याइतका पगार कुठून आणणार?

बैठकीत आमचे मुदीर, म्हणजे संचालक, यूसुफ यांनी पडद्यावर गाडीचा नकाशा लावला. गाडीला ट्रॅकर बसवलाय हे मला तेव्हाच कळलं. "या दोन इमारतींपाशी गाडी रोज थांबते. तिथून कोणीही चढत नाही. ड्रायव्हर काय करतो तिथे?"

मला वाटलं, परब झोप काढत असतील, किंवा कोणाचं पार्सल पोचवत असतील. बैठक सुटल्यावर मी खाली पार्किंगमध्ये गेले.

"परबभाऊ, खरं सांगा. त्या इमारतींखाली कशाला थांबता?"

"ताई, थय मंदावयनी चढायच्या."

मंदावहिनी मला आठवत होत्या. हिवाळ्यातच गेल्या.

"त्या गेल्यार दुसऱ्या दिवशी मी सवयीन थांबलंय. गाडीत कोण काय बोलाक नाय. मगे सदानंद मागसून म्हणालो, 'चला आता.' पुढच्या दिवशी म्हटलंय, सरळ जाऊया. आरशात बघलंय तर सगळ्यांची तोंडां उतरलेली. म्हणान परत थांबलंय. तेव्हापासना तसाच. जो जाता, त्येच्या दारात गाडी थांबता. बसलेल्यांका बरा वाटता, ताई. आपल्यासाठी पण थांबतली."

दुसरी इमारत रफीक नावाच्या पेशंटची होती. तोही गेलेला.

मी वर जाऊन यूसुफना हे जसंच्या तसं सांगितलं. माणूस वाईट नाही. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "विशाखा, हे मी अहवालात कुठल्या मथळ्याखाली लिहू?"

शब्द जुळवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही असं मला उगाच वाटायचं. त्या दिवशी एक शब्द सापडला नाही. स्वतःचा राग आला आणि त्याहून जास्त थकवा आला.

निधी आला. लॅब झाली. महबूलाची गाडी बंद झाली. पेशंटना ॲप मिळालं, त्यात टॅक्सी सवलतीत मिळायची. सदानंदने पहिल्या आठवड्यात ती घेतली, मग सोडून दिली. सवलत धरूनही ती त्याच्या आवाक्यात नव्हती. कधी बसने यायचा, कधी यायचाच नाही. मी फोन केला तर म्हणायचा, "येतो की मॅडम, जरा ऊन उतरू दे." ऊन कसलं उतरतंय! परबांकडे आता पाहुण्यांची नवी पांढरी गाडी आली होती. ते सुटीच्या दिवशी कधी सदानंदला भेटून यायचे. मला म्हणाले, "सदानंद बारीक झालो ओ."

परवा खैरानला निधी देणाऱ्यांची परिषद होती. समुद्रकाठी हॉटेल, नव्या कार्यक्रमांचं कौतुक, टाळ्या. माझ्याच अहवालातली वाक्यं स्टेजवरून ऐकताना मला जांभई आवरेना. दुपारी पाहुण्यांना घेऊन आम्ही परत निघालो. परब गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी.

सकाळपासून ते बोलले नव्हते. मला वाटलं, दमले असतील.

एगैलाचे मॉल मागे पडले आणि परबांनी हायवे सोडला. गाडी महबूलाच्या गल्लीत शिरली. मागून एका पाहुण्याने विचारलं, इकडे काही बघायचंय का? वाळत घातलेल्या कपड्यांनी भरलेल्या एका इमारतीखाली त्यांनी गाडी थांबवली.

ती सदानंदची इमारत होती.

मी परबांकडे बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि नजर समोर. कोणी चढणार नव्हतं. मला विचारावं लागलं नाही, त्यांना सांगावं लागलं नाही. सदानंद गेला होता.

मागे पाहुणे घड्याळं बघायला लागले. एसीचा आवाज तेवढा येत होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. परब आरशातही बघत नव्हते, नुसते थांबले होते. मग माझ्या लक्षात आलं, की ते वाट बघताहेत. गाडीतल्या कोणीतरी म्हटल्याशिवाय ती हलायची नव्हती, आणि म्हणणारा आता गाडीत नव्हता.

"चला आता," मी म्हणाले.