बाबांच्या नावापुढचं ‘ट्रू’

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाते. भीती वाटते म्हणून नाही, खोट्या वाटतात म्हणून. तरी हे लिहितेय, कारण समोर बसून कुणाला सांगणं मला जमणार नाही. शिक्षण इंग्रजी माध्यमात झालंय, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. नाव देत नाही.

आम्ही वणीला राहतो. बाबा राजूरकडच्या एका कोळसा खाणीत लॅम्परूमचे क्लार्क होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा द्यायचा, माणूस वर आला की मोजून परत घ्यायचा. शेवटचा दिवा जमा झाल्याशिवाय बाबा घरी यायचे नाहीत. आई त्यांचं जेवण ताटाखाली झाकून ठेवायची. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी, सकाळचा चहा पितापिताच गेले. मग अनुकंपा तत्त्वावर, म्हणजे बाबांच्या जागी, मला त्याच खाणीच्या ऑफिसात, कॉम्प्युटर सेक्शनला नोकरी मिळाली.

ऑफिसातल्या सगळ्यांची खाती एका डिरेक्टरीत असतात. कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे, त्यावर त्याला काय उघडता येईल ते ठरतं. लॅम्परूमच्या ग्रुपमध्ये असाल तरच दिव्यांचं रजिस्टर उघडतं. मागच्या हिवाळ्यात ऑडिटच्या आधी आमच्या वानखडे सरांनी मला काम दिलं – रिटायर झालेली, वारलेली माणसं सगळ्या ग्रुपमधून काढायची आणि प्रत्येकाच्या फॉर्मवर सही करायची. तपासायला मी एक छोटा कोड लिहिला. नाव आणि ग्रुप दिला की माणूस अजून त्या ग्रुपमध्ये असेल तर तो ट्रू सांगायचा, नसेल तर फॉल्स. एका ग्रुपच्या पोटात दुसरा ग्रुप असतो, तिथूनही कुणी आत राहिलं असेल तर सापडावं, म्हणून तो तळापर्यंत जाऊन बघायचा.

बाबांचं नाव मी शेवटी ठेवलं. जेवणाच्या सुटीत, खोलीत कुणी नसताना ते लॅम्परूमच्या ग्रुपमधून काढलं आणि कोड चालवला.

ट्रू.

ग्रुपची यादी उघडून पाहिली. बाबा नव्हते. पोटातल्या ग्रुपमध्येही नव्हते. सर्व्हरना झालेला बदल एकमेकांना कळवायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवला... ट्रू. बाकी सगळ्या नावांना बरोबर फॉल्स येत होतं.

"काहून तोंड पाडून बसली व?" सरांनी विचारलं. मी स्क्रीन दाखवली. त्यांनी माझ्याच मशीनवर स्वतःच्या लॉगिनने चालवला. फॉल्स.

"हे पाय. तुया कोड तुलेच भेव दाखवून राह्यला."

मी त्यांच्या मशीनवर माझ्या लॉगिनने चालवला. ट्रू. सर हसायचे थांबले. चष्मा काढून पुसत बसले.

"तुये बाबा असेच होते," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी जा म्हटलं तं जात नोहते. राहू दे तो फॉर्म चार दिवस. ऑडिटवाल्याइले मी पाह्यतो."

हे मी आईला सांगायला नको होतं. सांगितलं. तेव्हापासून मी गाडी लावत असतानाच ती दारात यायची.

"हाय का व आज?"

"आहे."

एवढं ऐकून ती आत जायची. मला वाटलं, बरंच आहे, तिला बरं वाटतंय. ती गुणगुणायलाही लागली होती. मग एका संध्याकाळी ओट्यावर उपडं ताट दिसलं. उचललं, तर खाली दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी. गरम होती... मी ताट तसंच ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या फॉर्म काढला. वर बाबांचं नाव, ‘सर्व ग्रुपमधून काढले’, आणि खाली मी सही केली. मग कोड चालवला.

फॉल्स.

पुन्हा चालवला. कितीदा, ते मोजलं नाही. फॉल्सच आलं.

संध्याकाळी आईने विचारलं, "हाय का व?" मी नकारार्थी मान हलवली.

"तूनं काढलं?"

"हो."

तिने दाराची चौकट धरली. "बरं केलं," म्हणाली, आणि आत गेली. त्या दिवशी आम्ही दोघीच जेवलो. तिने अर्धीच पोळी खाल्ली.

कोडमध्ये मी एका अक्षराचाही बदल केलेला नाही. लॉगिनची काहीतरी गडबड असेल, असं सर म्हणतात, पण कोणती ते त्यांनाही सांगता येत नाही. मलाही कारण सापडलेलं नाही. मी अजून रोज एकदा तो चालवते, आणि रोज फॉल्स येतं. आईसाठी सही केली, ते बरोबरच केलं असं वाटतं. पण बाबांना अजून थोडं थांबायचं होतं का, हे मी त्यांना विचारलं नव्हतं.