वाणीच्या बाटलीत काय?

एका गावात दातांचे दोन डॉक्टर असले की किस्से आपोआप साचतात. पेशंट मात्र एकाकडेच साचतात! स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत धुळ्यात माझा दवाखाना आग्रा रोडला, आणि पांझरा नदीपलीकडे देवपुरात डॉक्टर वाणी. मुलाची दुधाची दाढ खोल किडली की मी ती उपटायचो. कधीतरी पडणारच आहे ना! वाणी आतली नस काढायचा, काहीतरी पांढरं औषध भरायचा आणि दाढ वाचवायचा. माझ्या पोटात दुखायचं ते इथेच.

*

नरडाण्याचे एक आबा नातवाला घेऊन आले. दाढ काढावी लागेल, असं मी सांगितलं. आबांनी आपल्या हातानं नातवाचं तोंड मिटलं. "देवपूरवाला दात वाचाडस, तुम्ही उपटतस. मंग दोन्हीमा शिकेल डाक्टर कोन शे?"

आणि निघाले पुलाकडे.

*

औषध कळायलाच हवं होतं. माझ्या कंपाउंडरची, नानाची, दाढ ठणकतच होती. त्याला वाणीकडे पेशंट म्हणून पाठवला, बाटलीवरचं लेबल वाचून ये म्हटलं. नाना संध्याकाळी हसतच परतला. लेबल वाचायचं विसरला होता. वर मलाच म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीपण एकदा दाखवून या. हात फार हलका आहे!"

*

मग मीही दाढा वाचवायच्या म्हणून मुंबईहून एक जहाल औषध मागवलं. बूच काढलं आणि वासानं बाहेर बसलेले पेशंट उठून गेले. शेजारचा मिठाईवाला भांडायला आला. भांडताभांडता कळलं, त्याची दोन्ही पोरं वाणीकडे जातात.

*

पण कहर केला कुसुमनं. कुसुम माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. एकदा सहज आ कर म्हटलं, तर दाढेत वाणीचं पांढरं औषध! बायको तिला गुपचूप देवपुरात नेऊन आली होती. मी चार दिवस बायकोशी बोललो नाही. जळलो, दुसरं काय!

ती दाढ तीन वर्षं टिकली आणि वेळ झाल्यावर आपोआप पडली. कुसुम ती छपरावर टाकायला निघाली होती. मी तिच्या हातातून घेतली, दवाखान्यात नेली, दार लावलं आणि फोडली. आत झिंक ऑक्साइड आणि लवंगेचं तेल. दोन्ही माझ्या कपाटात कधीपासून पडून होती!

दार उघडलं तर बाहेर कुसुम उभी.

"वाणीकाका म्हणाले होते, दाढ पडली की तुझे बाबा ती फोडून बघतील. मग त्यांना सांग, नुसतं विचारलं असतं तरी सांगितलं असतं."