दोनच वायरी राहिल्या

आज सडक अर्जुनीच्या माझ्या गॅरेजात एका जुन्या ॲम्बेसेडरला एक्झॉस्टचा नवा पाईप बसवला. इंजिन तापलं, पाईपावरचं तेल जळायला लागलं आणि त्या वासानं शांता आठवली.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी, असाच नवा पाईप बसवलेल्या गाडीपाशी उभी राहून माझी बायको मला प्लगच्या वायरी देत होती. एक, तीन, चार, दोन हा क्रम तिला पाठ होता.

"माह्या पायात जीव नाही राह्यला जी," ती म्हणाली.

"थांब न, दोनच वायरी राहिल्या," मी मान वर न करताच बोललो.

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. हरखून वळलो, तर शांता डोळे मिटून जमिनीवर बसलेली. इंजिनाचा आवाज ऐकून राहिली, असं वाटलं मला.

तिचा आजार महिन्यानं कळला. दिवाळीआधी ती गेली.

आता माझेच पाय थकतात. तेव्हा स्टूल माझ्या बाजूलाच होतं, रिकामं.