मुकं जेवण

आमचे काका केस कापतात आणि बोलतात. हात थांबेल, तोंड थांबणार नाही. अशा माणसाला काकू चार दिवस बौद्ध भिक्षूंच्या एका शांत गावाला घेऊन जाणार, म्हणजे हद्दच झाली. शिवाय जिथे निम्म्या लोकांची डोकी तुळतुळीत, तिथे यांनी जाऊन करायचं काय?

काकूने बेत मात्र झकास आखला होता. सकाळी भिंतींवरची जुनी चित्रं, संध्याकाळी बाजारात गरम गरम खाणं आणि एक दुपार मठात जेवण. तिथे भिक्षूंच्या पंगतीला बसता येतं, पण कोणी अवाक्षर काढायचं नाही.

"एक वेळ गप्प जेवून दाखवा," काकू म्हणाली. "जमलं तर तुम्ही, नाहीतर मी माझ्या ताईला नेते. तिथे माझी शोभा नको."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं कधी फिरायला म्हणून घराबाहेर पडले नव्हते. काकांनी ते मनाला लावून घेतलं. दुकानात दातांत कंगवा धरून सराव सुरू झाला. गिऱ्हाइकं हवालदिल. एकाने हळूच विचारलं, घरात कोणी गेलं का? खुर्चीत बसताच घोरणारे मास्तर टक्क जागे राहिले आणि वैतागून अर्ध्या दाढीवर उठायला निघाले.

रविवारी दुपारी परीक्षा. पंच मी. काकूने काकांची आवडती भाजी केली होती. काकांनी पहिला घास घेतला आणि भुवया वर गेल्या. मग मान खाली घालून मुकाट्याने जेवले. वर हाताने खूण करून पुन्हा भाजी मागितली. ताट लख्ख केलं. मला तर भीतीच वाटली.

मग काकू जेवायला बसली. एक घास खाऊन थांबली.

"अहो, मीठच नाही यात. सांगायचं तरी!"

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"एवढं यायचंय तुम्हाला माझ्याबरोबर?"

त्यांनी होकारार्थी मान डोलावली. काकूने पदर डोळ्यांना लावला, नाकही पुसलं आणि लगेच तिचा आवाज चढला.

"मठातलं जेवण रद्द. माझं चुकलं तर सांगणारं एकच माणूस आहे घरात, तेही मुकं करून ठेवू? बाजारातच जेवू दोघं."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आठवडाभराची तपश्चर्या पाण्यात. पण मग जे तोंड सुटलं! भाजी कशी अळणी, भात कसा गिचका, मास्तर कसे घोरायचे राहिले. एरवी काकू दुसऱ्याच वाक्याला "पुरे" म्हणते. त्या दिवशी भाजीत मीठ कालवत ती सगळं ऐकत बसली.