दुसरा निरोप

पूर्णा स्टेशनासमोर माझं पानाचं दुकान होतं, हे जुन्या माणसांपैकी कुणीही तुम्हाला सांगेल. मी किती बडबड्या होतो तेही सांगेल. पण आता जे बोलणार आहे ते कुणालाच सांगता येणार नाही — कारण ते माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोनं पन्नास वर्षं संसार केला आणि गेली, तिला कळू दिलं नाही. रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसतो, तिथंही हा विषय मनात आला की मी मंत्र जरा मोठ्यानं म्हणतो. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगतोय का? असेल. बसा जरा.

निजामी अमलातला तो शेवटचा उन्हाळा. पूर्णा म्हणजे जंक्शन — परभणीची गाडी, नांदेडची गाडी, हिंगोलीची गाडी. टपाल होतं, पण पत्र वाचणारा कुठं होता? खेड्यातला माणूस निरोपावर चालायचा. आणि निरोप ठेवायची जागा म्हणजे माझं दुकान. कुणाला मुलगा झाला, कुणाची सोयरीक जमली, कुणाचा बैल हरवला, कोण गेलं — गाडीतून उतरलेला माणूस मला सांगायचा, मी तो निरोप त्या त्या गावच्या माणसाच्या हाती द्यायचो. सुपारी कातरता कातरता पन्नास गावांची खबर माझ्याकडे असायची. लोक म्हणायचे, आप्पाच्या कानावर घातलं म्हणजे पोचलं. मला ते ऐकायला फार आवडायचं. आता कबूल करायचंच आहे तर हेही करतो — मी निरोप जसाच्या तसा कधीच देत नसे. त्यात माझा थोडा कात-चुना असायचा. पोरगा झाला एवढंच कळलं असलं, तरी मी त्याला गोरा करायचो.

आता ती कावळ्याची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाईमाणसाच्या डोक्याला कावळा शिवला तर तिचं मरण जवळ आलं असं मानायचे. त्यावर तोड अशी — ती मेली म्हणून माहेरी खोटा निरोप धाडायचा. माहेरच्यांनी खरोखर रडायचं. तिच्या नावानं रडून झालं की मरणाचं देणं फिटतं, असा समज. मग त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, दुसरा निरोप जायचा, की ती सुखरूप आहे. मग भावानं खणनारळ घेऊन बहिणीला भेटायला जायचं. असे जोडीचे निरोप माझ्या हातून तीन-चारदा गेले होते. म्हणजे मला ही रीत माहीत नव्हती असं नाही.

स्टेशनापासून दीड कोसावर एक गाव होतं. तिथला ग्यानबा, त्याची आई भागाबाई आणि बहीण कौसा. कौसा बोरीला दिलेली. लहानपणापासून ती माझ्या दुकानासमोरून जायची, लांबूनच "आप्पा" म्हणून हात करायची. लग्नानंतर वर्षातून दोनदा गाडीतून उतरायची, तेव्हाही करायची. एवढीच माझी-तिची ओळख.

त्या दिवशी बाजार होता. सकाळच्या गाडीतून बोरीकडचा एक माणूस उतरला, उभ्या उभ्याच म्हणाला, ग्यानबाची बहीण कौसा गेली, पहाटेच अग्नी दिला, त्याला कळवा. आणि तसाच नांदेडच्या गाडीत जाऊन बसला. चेहरा इतका कोरा, की मला शंकाच आली नाही. — की आली होती? आज सांगता येत नाही. तासाभरात ग्यानबा समोर आला. मी सांगितलं. त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून जमिनीवर ठेवलं. भोवती माणसं जमली. त्यानं मला विचारलं, कशानं गेली?

मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण वीस-पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी आप्पा होतो. मी म्हणालो, तापानं. दोन दिवस ताप होता. मग कुणीतरी विचारलं, शेवटी काही बोलली का? आणि मी बोललो. सुपारी हातात धरून, आवाज खाली आणून मी म्हणालो — पहाटे पाणी मागितलं तिनं. म्हणाली, मी आईकडं निघाले, आईला सांगा, दार लावू नका.

माझ्याच अंगावर काटा आला, आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. जमलं होतं ते. एक म्हातारा हळूच म्हणाला, "मन माहेरात अडकलं पोरीचं. आता ती यील." ग्यानबानं त्याच्याकडे वळून पाहिलं, ते मला आठवतं.

दुपारी तीनच्या गाडीतून कौसाच्या सासरचा एक म्हातारा आला. हसत होता. "कावळा शिवला व्हता सूनबाईला," म्हणाला. "रडून झालं असंल तर आता हासा म्हनावं. ग्यानबाला खणनारळ घिऊन धाडा, पोरगी वाट बघायलीय." मी त्याला पान लावून दिलं. पोचवतो म्हणालो. तो परतीच्या गाडीनं गेला.

बाजार अजून मोडला नव्हता. ग्यानबाच्या गावची चार माणसं माझ्या डोळ्यांसमोर भाजी घेत होती. एकाला हाक मारायची, एवढंच काम. पण मग ते शब्द? पाणी मागितलं, दार लावू नका — ते कुठून आणलेस, आप्पा? सगळ्या बाजारानं विचारलं असतं. पोट धरून हसले असते. म्हटलं, उद्या सांगू, काहीतरी जुळवून. उद्या जुळलं नाही. परवा कळलं की ग्यानबानं एका जाणत्याला आणून उंबऱ्यावर खिळे ठोकून घेतले, दाराला बिब्बे बांधले, सूर्य डोक्यावर आला की दार आतून लावून घेतात. माझ्या त्या दोन शब्दांपायी. त्या उन्हाळ्यात वाटा धोक्याच्या होत्या, म्हणून त्यानं बोरीला दहाव्यालाच जायचं ठरवलं होतं. आणि तिकडे कौसा भावाची वाट बघत होती.

पाचव्या दिवशी ती स्वतःच आली.

सकाळी अकराची गाडी. ऊन असं, की रूळ डोळ्यांत खुपत होते. चार-पाच माणसं उतरली, त्यांत ती. हिरवं लुगडं, काखेत गाठोडं. मला सगळं माहीत होतं — कावळा, म्हातारा, सगळं. तरी तुम्हाला सांगतो, माझी नजर पहिल्यांदा तिच्या पायांकडे गेली. मीच तिला मारली होती, मीच तिचे शेवटचे शब्द रचले होते, पाच दिवस गिऱ्हाइकांना पुन्हा पुन्हा सांगितले होते. सांगता सांगता ती माझ्यापुरती खरीच गेली होती की काय? तिनं लांबूनच हात केला. मी अडकित्ता शोधायच्या निमित्तानं फळीखाली वाकलो. वर आलो तेव्हा ती रस्त्याला लागली होती. पांढऱ्या फुफाट्यातनं चालली होती, आणि रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

मी हाक मारली नाही. तिच्या गावापर्यंत दीड कोस, म्हणजे चांगला तास. त्या तासात मी पळत जाऊन तिला गाठू शकलो असतो. मी पानांवर पाणी शिंपडत बसलो.

गावात काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी तिथल्याच माणसांनी सांगितलं — खबर म्हणून. बारा वाजता ती गल्लीत शिरली. एका बाईनं पाहिलं आणि पोरं आत ओढून दार लावलं. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. ती चालत होती आणि तिच्या दोन्ही अंगांनी दारं बंद होत होती. ग्यानबाच्या दाराशी येऊन तिनं कडी वाजवली. आधी हसत होती म्हणे. तिला वाटलं असेल, कावळ्याच्या रीतीतलीच काही गंमत आहे. "आये, म्या आले, दार काढ." मग खिडकीतून राख आणि मोहरी तिच्या अंगावर पडली. ग्यानबा आतून म्हणाला, "आलीस तशी जाय. तुला काय पायजे ते आमी वेशीवर ठिवतो."

सांगणारा माणूस शेजारच्या घरात होता, फटीतून बघत होता. तो म्हणाला, "आप्पा, ती लुगडं वर धरून पाय दाखवायली व्हती. माहे पाय बघा, म्हने. सरळ हायेत, बघा. आन आप्पा, खरंच सरळ दिसायले व्हते. त्याचंच लय भ्या वाटलं."

आतमध्ये भागाबाई म्हणत होती, आवाज माझ्या पोरीचा आहे. ग्यानबानं तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते.

पण हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याआधी, त्याच दुपारी, ती परत आली होती. चार वाजले असतील. केसांत राख, कपाळावर मोहरी चिकटलेली. माझ्या दुकानाच्या बाकावर बसली. मी तांब्या दिला. तिनं तोंड धुतलं, पाणी प्यायली. मग विचारलं, "आप्पा, दुसरा निरोप पोचला न्हवता का?"

आता सांगा — याहून सोपी वेळ कधी येणार होती? दुकानात आम्ही दोघंच. नाही म्हणायचं होतं. ती रडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, आणि मी तिच्याबरोबर चालत जाऊन ते दार उघडायला लावलं असतं. रात्री आईच्या हातचं जेवून झोपली असती ती.

मी म्हणालो, "पोचला की. त्याच दिशी सांगितला."

ती स्वतःशीच म्हणाली, "मंग त्यायला ठावं व्हतं." गाडी आली तशी उठली. गाठोडं बाकावरच राहिलं. त्यात आईसाठी आणलेल्या शेवया होत्या. हाताच्या, बारीक, नीट वाळवलेल्या.

ती पुन्हा कधी माहेरी आली नाही. सासरच्यांनीही निरोप धाडला नाही. जिवंत पोरीवर राख टाकणाऱ्यांना काय कळवायचं? ग्यानबाला जाणत्यानं बजावलं, की वर्षभर बोरीचं नाव काढायचं नाही, म्हणून तो दहाव्यालाही गेला नाही. पावसाळ्यात लुटालूट-जाळपोळ वाढली, गावंच्या गावं भीतीनं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. ग्यानबा गेला तो तिकडेच राहिला. कौसा बोरीला नांदली, तिला मुलं झाली, नातवंडं झाली, ती म्हातारी होऊन गेली. भाऊ वऱ्हाडात तिला मेली समजून जगला, ती बोरीत त्यांना कसाई समजून जगली. दोघांच्या मधे खरं माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो पूर्णा स्टेशनासमोर पानं लावत होता.

आणि त्या दिवसांत दुकान फार चाललं. भर दुपारी आलेल्या हडळीची गोष्ट ऐकायला लोक परभणीहून यायचे. तिचे शेवटचे शब्द मला ठाऊक होते ना. मी सांगायचो. हिरवं लुगडंही सांगायचो.

तुम्हाला वाटेल, एवढंच सांगायचं होतं. मलाही आत्ता क्षणभर वाटलं की इथं थांबावं. पण हे अर्धंच आहे. दुसरं अर्धं सांगतो.

ती येऊन गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी भागाबाई माझ्याकडे आली. एकटी, उन्हाची, अनवाणी. ग्यानबाला न सांगता आली होती. त्याच बाकावर बसली. धाप लागली होती, पाणी नको म्हणाली. माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला. म्हातारीचे हात गार होते. "आप्पा," म्हणाली, "तू मला लेकावानी. खरं सांग. माही पोरगी खरंच गेली का? त्या दिशी दारात आवाज तिचाच व्हता. आवाज मला वळकू यीत न्हाई का?"

फळीखाली, माझ्या पायाशी, शेवयांचं गाठोडं होतं.

मी म्हणालो, गेली. म्हणालो, अग्नी देताना जवळ उभा होता त्या माणसानं मला सांगितलं. तिनं विचारलं, लुगडं कोणतं होतं अंगावर? मी म्हणालो, हिरवं. हातात चुडा? भरलेला. कुंकू लावलं होतं? मी म्हणालो, मळवट भरला होता. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. मग म्हणाली, म्हणजे ग्यानबानं दार लावलं ते बरोबरच केलं. मी म्हणालो, बरोबर केलं.

ती उठली आणि आल्या वाटेनं गेली. श्रावणात वऱ्हाडातच वारली, असं नंतर ऐकलं.

मला ताप नव्हता, मी प्यायलेलो नव्हतो, कुणी मला धमकावलं नव्हतं. तिची मुलगी जिवंत आहे हे मला माहीत होतं, आणि तिनं हात धरून विचारल्यावर मी तिला सांगितलं की ती मेली.